मालकाचं वचन, धाकट्याची बंदूक आणि मागं राहिलेली आई: हे नाटक कसं बसवाल

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. नागपुरातल्या कॉलेजचा ग्रुप, दोन अंकी नाटक, स्क्रिप्ट तुम्हीच लिहिलीय. अमेरिकेतलं यादवी युद्ध, म्हणजे गुलामी टिकवायला निघालेली दक्षिण विरुद्ध उत्तर, त्यात दक्षिणेतल्या साऊथ कॅरोलिनातला कापसाचा मळा, दोन गुलाम भाऊ आणि त्यांची आई. थोरल्याला मालक म्हणतो की माझ्यासोबत लढाईला चल, परत आलो की तू मोकळा. धाकटा रात्री होडीतून पळतो आणि उत्तरेच्या फौजेत भरती होतो. आई मागं राहते. तुम्ही विचारलंय की हे अमेरिकेतच ठेवू की विदर्भात आणू, तोंडाला काळा रंग लावायचा का, छोट्या स्टेजवर युद्ध कसं दाखवायचं, आणि स्वातंत्र्याची किंमत काय असते हे भाषण न देता लोकांपर्यंत कसं पोचवायचं.

स्क्रिप्ट दोनदा वाचली. विषयात जीव आहे आणि धाकट्याचा पळून जाण्याचा सीन तर मला लगेच दिसायला लागला. पण मुख्य अडचण आधी सांगतो, बाकी सगळं तिच्यातूनच येतं. तुमचे गुलाम पहिल्या पानापासून फक्त सोसतात. रडतात, वाकतात, आकाशाकडे बघतात, साखळी हलवतात. माणूस गुलाम असला तरी दिवसभर दुःखच करत बसत नाही हो, तो दिवसभर हिशोब करत असतो. आज मालकाचा मूड कसा आहे, खोटं बोललो तर पचेल का, पळालो तर कोणाला मार पडेल, थांबलो तर पुढच्या वर्षी कोण विकलं जाईल. तुमच्या प्रत्येक सीनमध्ये प्रत्येक पात्राचा हा हिशोब चालू राहिला पाहिजे, आणि त्या हिशोबात जी रक्कम दुसऱ्याच कोणाच्या नावावर पडते ती स्वातंत्र्याची किंमत. भाषण काढून टाका, हिशोब दाखवा, पहिल्या तालमीपासून एवढंच धरून चाला.

हे मला कुठल्या वर्कशॉपमध्ये नाही कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही वेठबिगारीवर एक एकांकिका करत होतो, धरमपेठेत एका शाळेच्या हॉलमध्ये रात्री तालीम चालायची. आमच्यातल्या एका पोराचे आजोबा काटोलकडून दवाखान्यासाठी आले होते, आयुष्यभर लोकांच्या शेतात सालदार म्हणून राबलेले, ते रात्री सोबत आले आणि मागच्या बाकावर बसले. आमचा मुख्य नट मालकासमोर पार दुमडून उभा राहायचा, आम्हाला वाटायचं काय जबरदस्त करतोय. आजोबांनी अर्धा तास बघितलं मग उठून पुढं आले आणि म्हणाले, "बाबू, येवढा वाकून काहून उभा राह्यला? पाठ दुखून राह्यली का? आम्ही त सरळ उभे राहो. मालक बोलाले लागला का त्याच्या हाताकडं पाहो, तोंडाकडं नाही. तोंड काई बी बोलते. हात खिशात गेला का पैसे भेटन, काठीकडं गेला का मार." आणि मग ते स्वतः उभे राहून दाखवायला लागले, पाठ सरळ, मान किंचित खाली, आणि डोळे समोरच्याच्या उजव्या हातावर, तो हात जिकडे जाईल तिकडे डोळे. हॉलमध्ये कोणी बोललं नाही. त्या दिवसापासून आमच्या नटाने वाकणं सोडलं, आणि प्रयोगात लोक नटाकडे नाही तर मालकाच्या हाताकडे बघायला लागले. तुमच्या थोरल्या भावाला हेच द्या. मालकाचं काम करणाऱ्या पोरालाही सांगा की बाबा रे, हाताचं काम कर.

आता तुमच्या कथेचा कणा, मालकाचं वचन. इथं एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी, कारण ती माहीत असती तर तुम्ही दुसरा अंक वेगळा लिहिला असता. साऊथ कॅरोलिनात १८२० पासून कायदाच असा होता की मालकाला मनापासून वाटलं तरी तो आपल्या गुलामाला परस्पर मुक्त करू शकत नव्हता, त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी लागायची. १८४१ साली मृत्युपत्रातून वगैरे सोडवायच्या पळवाटाही बंद केल्या. म्हणजे तुमचा मालक जे द्यायचं वचन देतोय ते त्याच्या हातात नाहीच. तुम्ही त्याला खलनायक करून टाकलंय, शेवटी तो वचन मोडतो आणि हसतो. त्यापेक्षा हे बघा किती भयंकर होतं: तो मालक वचन देताना खरंच बोलतोय, कदाचित त्याला स्वतःला कायदा नीट माहीत नाही किंवा माहीत असून आठवायचा नाहीये, आणि थोरला त्या शब्दावर दोन वर्षं बूट पुसतोय.

याला जोडून कागद आणा. गुलामांना लिहायला वाचायला शिकवणं तिथं कायद्याने गुन्हा होता. तर मालकाने निघताना थोरल्याला एक कागद दिलाय, थोरला तो सदऱ्याच्या आत छातीशी ठेवतो, घामाने भिजतो, वाळवतो, परत ठेवतो, त्याला वाटतं हे माझं मुक्तीचं पत्र. दुसऱ्या अंकात छावणीत कोणीतरी तो वाचून दाखवतो आणि तो नुसता पास निघतो, अमुकचा गुलाम अमुक माझ्या परवानगीने प्रवास करतोय एवढंच. इथं रडू नका. थोरल्याने तो कागद परत नीट घडी करून त्याच खिशात ठेवावा, कारण पास तर पास, तो नसला तर रस्त्यात कोणीही धरेल. हिशोब.

थोरल्याच्या हातात तुम्ही बंदूक दिलीय ती काढा. मालकासोबत गेलेले गुलाम शिपाई नव्हते, नोकर होते. स्वयंपाक, घोडा, दाढीचं पाणी, कपडे, जखमी झालेल्या मालकाला उचलून आणणं. दक्षिणेने काळ्या माणसांना शिपाई म्हणून घ्यायचा कायदा केला तो थेट मार्च १८६५ मध्ये, युद्ध संपायला महिनाभर राहिला होता तेव्हा. म्हणून त्याच्या हातात वस्तरा द्या. रोज सकाळी तो मालकाच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो आणि काही करत नाही. या एका सीनमध्ये जेवढं टेन्शन आहे तेवढं तुमच्या पाच पानी संवादात नाहीये, आणि प्रेक्षक स्वतःच विचारतील की हा का कापत नाही, उत्तर तुम्ही द्यायचं नाही. आई मळ्यावर आहे ना.

धाकट्याच्या प्रवासात नकाशाची चूक आहे. तो साऊथ कॅरोलिनातून होडी वल्हवत एका रात्रीत उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मनरो किल्ल्यात पोचतो असं तुम्ही लिहिलंय, फोर्ट मनरो व्हर्जिनियात आहे, मध्ये अख्खं नॉर्थ कॅरोलिना येतं. त्याला जवळ पडेल ते पोर्ट रॉयल आणि ब्यूफोर्ट, ते नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने घेतलं होतं, गोरे मळेवाले घरदार टाकून पळाले होते. तिथंच पळून आलेल्या माणसांच्या पलटणी उभ्या राहिल्या, म्हणजे तुमच्या कथेला अगदी फिट बसतं.

पण फोर्ट मनरोचा किस्सा टाकून देऊ नका, छावणीत शेकोटीपाशी कोणाच्या तरी तोंडून येऊ द्या. मे १८६१, युद्ध सुरू होऊन सहा आठवडेही झाले नव्हते. तीन गुलाम रात्री होडीतून त्या किल्ल्यात आले, दक्षिणेच्या फौजेसाठी तोफखान्याचं बांधकाम करायला लावलं होतं त्यांना आणि आता बायकापोरांपासून लांब पाठवणार होते. दुसऱ्या दिवशी मालकाकडून एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला, म्हणाला कायद्याप्रमाणे आमचे गुलाम परत द्या. किल्ल्याचा जनरल बटलर, मूळचा वकील. तो म्हणाला की तुम्हीच म्हणता ना व्हर्जिनिया आता परदेश आहे, मग अमेरिकेचा कायदा परदेशाला कशाला लावू, ही माणसं शत्रूची युद्धसामग्री आहे, मी जप्त केली. म्हणजे बघा, माणसं वाचली पण कशी वाचली तर जप्त केलेला माल म्हणून. पुढं हजारो लोक पळून आले त्यांना हाच शब्द चिकटला. तुमचा धाकटा छावणीत येतो तेव्हा कारकून त्याचं नाव विचारतो आणि वहीत माल म्हणून नोंद करतो, हा सीन मला हवाच आहे. धाकट्याला वाटतं मी पळालो म्हणजे मोकळा झालो, आणि इथं टेबलावर परत वही.

आणि मग पगाराचं टेबल. दुसऱ्या अंकाचा मध्य तुम्ही लढाईवर खर्च केलाय, मी पगाराच्या टेबलावर करेन. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्या शिपायाला १० डॉलर, त्यातून ३ कपड्यांचे कापले, हातात ७. हे स्टेजवर नाण्यांनी करा, खरी धातूची नाणी, टीनच्या ताटलीत एक एक टाका, मोजा, मग तीन परत उचला, तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा कमी पगार घ्यायलाच नकार दिला. त्यांच्या राज्याने सांगितलं फरक आम्ही भरून देतो, तेही नको म्हणाले, कारण प्रश्न तीन डॉलरचा नव्हताच. वर्षाहून जास्त काळ बिनपगारी लढले, घरी बायका उपाशी. आणि तुमच्या धाकट्याच्याच भागातली, तिसऱ्या साऊथ कॅरोलिना पलटणीची गोष्ट: सार्जंट विल्यम वॉकर. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्याने आपल्या कंपनीला घेऊन कर्नलच्या तंबूसमोर बंदुका रचून ठेवल्या, म्हणाला सरकारने करार पाळला नाही तर आम्ही शिपाई नाही. बंड केलं म्हणून फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, त्याच्याच बाजूच्या फौजेने. जूनमध्ये संसदेने पगार सारखा केला.

मी तुमच्या जागी असतो तर धाकट्याला त्या कंपनीत उभं केलं असतं. बंदुका एकमेकींना टेकवून त्रिकोणात उभ्या करायच्या, एकेक जण येतो, बंदूक टेकवतो, मागं होतो. धाकट्याची पाळी येते. ही बंदूक त्याच्या आयुष्यातली पहिली स्वतःची वस्तू आहे. तो ठेवतो की नाही? इथं तुमचा नट तीस सेकंद नुसता उभा राहू शकला पाहिजे, आणि त्या तीस सेकंदात आम्हाला त्याचा हिशोब दिसला पाहिजे. ठेवली तर बंड, नाही ठेवली तर गुलाम. रोज तालमीत हे करा, घाई करू नका.

युद्ध त्यामुळे स्टेजवर दाखवायची गरजच राहत नाही. रेकॉर्डेड गोळीबार, लाल लाइट, धूर, हे सगळं राज्य नाट्य स्पर्धेत दर वर्षी सायंटिफिक सभागृहात बघून लोक थकलेत. फार तर विंगेतून एक डफ, तोही ताल न धरता, अंतर वाढत जाणारा. त्यापेक्षा तापाचा तंबू दाखवा. उत्तरेच्या फौजेत सुमारे १,७९,००० काळे शिपाई होते, त्यातले साधारण ४०,००० मेले, आणि त्यातले ३०,००० तरी गोळीने नाही, आजाराने. जुलाब, ताप, घाण पाणी. एक माणूस खाटेवर, दुसरा त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालतोय आणि विचारतोय की तुझा थकलेला पगार कोणाला द्यायचा, नाव सांग, गाव सांग. आणि त्याला स्वतःच्या बायकोचं गाव माहीत नाही कारण ती विकली गेली. बस.

आता विदर्भात आणायचं का. माझं मत स्पष्ट आहे, आणू नका. जात आणि गुलामी एकच गोष्ट नाही, एकाची पगडी दुसऱ्याला घातली की दोन्ही खोटं पडतं. इंग्रजांच्या फौजेतला महार शिपाई विकत घेतलेला गुलाम नव्हता, पगारी शिपाई होता. हो, पण कोणाच्या बाजूने, कशासाठी आणि लढून झाल्यावर काय, हा प्रश्न त्याच्याही वाट्याला आला. बंदूक हातात दिली आणि १८९० च्या दशकात भरतीच बंद केली, गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त शिपायाला १८९४ मध्ये अर्ज करावा लागला की आम्हाला परत घ्या, आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. नागपूरच्या प्रेक्षकाला हे शिकवायला लागत नाही. दीक्षाभूमीच्या गावात बसलाय तो, तुमचा धाकटा बंदूक टेकवायला पुढं आला की अर्ध्या हॉलला स्वतःचे आजोबा-पणजोबा आठवतील, तुम्ही बोट दाखवलं की मजा जाते. जोतीरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी छापलं ते अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, म्हणजे हा पूल दीडशे वर्षांपूर्वीच बांधून झालाय, तुम्हाला फक्त त्यावरून चालायचंय.

आणि दुसरा एक धागा आहे जो फार कोणी वापरत नाही, तो मला तुमच्या नाटकात हवाय. कापूस. १८६१ मध्ये उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मग भाव चढले ते आपल्या वऱ्हाडातल्या कापसाचे. अमरावती, खामगावचे बाजार तेव्हा तेजीत आले. १८६५ ला तिकडं युद्ध संपलं आणि इकडं भाव कोसळला. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आली, १८७७ ला इथं एम्प्रेस मिल सुरू झाली. तुमचे दोन भाऊ ज्या कापसामुळे बांधलेले आहेत तोच कापूस आपल्या पणज्यांच्या ओट्यात होता. हे संवादात नका आणू. फक्त आईला स्टेजवर खऱ्या पऱ्हाट्या द्या, प्लास्टिकचा कापूस नको. तुमच्या ग्रुपमध्ये वर्धा, यवतमाळकडची पोरं असतीलच, त्यांना विचारा वेचणी झाल्यावर बोटांचं काय होतं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला कशी टोचतात, संध्याकाळी मीठ लागलं की कसं झोंबतं. आईचं काम करणारी मुलगी हे एकदा शेतात जाऊन करून आली की तिचे हात आपोआप वेगळे चालतील, आणि पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला कळेल हा मळा किती लांबचा आणि किती जवळचा आहे.

काळा रंग अजिबात नाही. अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे, त्याचा मोठा धंदा होता, तो इतिहास त्या रंगाला चिकटलाय. आणि आपल्याकडेही सावळ्या रंगावरून काय काय बोललं जातं ते सांगायला नको. आपापल्या रंगात उभे राहा. फरक पायांनी दाखवा: मालकाच्या पायात बूट, बाकी सगळे अनवाणी. धाकट्याला पलटणीत पहिल्यांदा बूट मिळतात आणि ते चावतात, त्याला चालता येत नाही, हे करून बघा. कपडे मांजरपाटाचे, गांधीबागेत मीटरवर घ्या, चहाच्या पाण्यात उकळा आणि दगडावर घासा.

भाषेचं एक. सगळे एकाच पुस्तकी मराठीत बोलतात ते बदला. दोघं भाऊ मालकासमोर शुद्ध बोलू देत आणि आईजवळ आले की आपली घरची नागपुरी. पण जपून, आपल्याकडे वऱ्हाडी-नागपुरी बोली स्टेजवर आली की लोकांना हसायची सवय लागलीय. म्हणून पहिलं नागपुरी वाक्य आईचं असू द्या आणि ते कुठल्यातरी भीतीचं असू द्या, मग कोणी हसणार नाही. गाणी इंग्रजीत नकोत, नुसता हुंकार पुरे.

शेवट. तुमच्या स्क्रिप्टमध्ये दोघं भाऊ परत येतात, आईला मिठी मारतात आणि झेंडा दिसतो. मला मान्य नाही. उत्तरेची फौज जवळ आली की मळेवाले गुलामांना आतल्या भागात हलवायचे, आणि एक पोरगा पळालाय म्हटल्यावर आईला तर आधी हलवतील. थोरल्याने थांबून जिला वाचवलं असं त्याला वाटतंय आणि धाकट्याने पळून जिला सोडवायचं ठरवलंय, ती आई दोघांच्याही हिशोबात चुकली. युद्धानंतर कित्येक वर्षं लोक पेपरात जाहिराती देत होते की माझी आई अमुक मालकाकडे होती, तमुक साली विकली, कोणाला माहीत असेल तर कळवा. शेवटचा सीन हा करा. धाकटा पलटणीत अक्षरं शिकलाय, थोरल्याच्या त्या जुन्या पासाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तो जाहिरात लिहितोय, थोरला सांगतोय. आईचं नाव. मालकाचं नाव. मग धाकटा विचारतो, तिचं वय काय लिहू? दोघांनाही माहीत नाही. अंदाज करायला लागतात, तू किती वर्षांचा होतास, मी किती, त्या साली पूर आला होता, आणि मागं अंधारात आई पऱ्हाटीवरून कापूस वेचतेय. लाइट हळूहळू आईवरचा नाही, भावांवरचा जाऊ द्या.

तालीम कुठं चाललीय ते कळवा, रविवारी संध्याकाळी मी मोकळा असतो. माझ्याकडे जुन्या चामडी बुटांची एक जोडी पडून आहे, नऊ नंबर, तळ जड आहे, लाकडी स्टेजवर छान वाजतो. मालकाचं काम करणाऱ्या पोराला आत्तापासूनच घालून चालायची सवय करू द्या.